लाँचे सोळा बैल

पहिला दिवस, शुक्रवार

'Laon' हे गावाचं स्पेलिंग वाचून मी तीन आठवडे 'लाओन, लाओन' करत होतो. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवर तिकीट खिडकीतल्या बाईंना तसंच सांगितलं, तर त्यांनी मला ल्योंच्या गाड्या दाखवायला सुरुवात केली. ल्यों राहिलं दूर दक्षिणेला, आम्हाला जायचं होतं ईशान्येला, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. शेवटी कागदावर लिहून दिलं. बाईंनी वाचलं, हसल्या आणि नाकातून एकच अक्षर काढलं : 'लाँ'. संपलं गावाचं नाव. माझ्यामागं पिशवी धरून उभे असलेले आबा म्हणाले, "एवढंच हाय व्हय? मग लिवताना कशाला लांबण लावलं?"

आबा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, राहणार कृष्णाकाठ, तालुका वाळवा. गळ्यात माळ, पायात ताईनं आणून दिलेले पांढरे बूट. ताई आणि दाजी पॅरिसला असतात म्हणून ऑक्टोबरात त्यांना पंधरा दिवस घेऊन आलो. आयफेल टॉवर झाला, बोटीतून फिरून झालं, लूव्रमध्ये चालून चालून पाय दुखून झाले. चौथ्या दिवशी आबा खिडकीत बसून समोरच्या इमारतीची कौलं मोजायला लागले, तेव्हा मी ओळखलं की आता काहीतरी केलं पाहिजे. एका लहान गावात एक जुनं कॅथेड्रल आहे आणि त्याच्या मनोऱ्यांवर दगडी बैल आहेत, एवढं मी सांगितलं.

"नंदी?"

"नंदी नाही. ओझं ओढणारे साधे बैल. देऊळ बांधायला दगड त्यांनी वर आणले म्हणून त्यांना वर बसवलंय."

आबांनी चष्मा काढून पुसला. "मग चल की."

गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. पॅरिसची उपनगरं संपली की मैदान लागतं. झाड नाही, बांध नाही, नजर जाईल तिथवर नांगरट. मधूनच शेताच्या कडेला मळकट पांढऱ्या कंदांचे ढीग, घराएवढे उंच आणि आगगाडीच्या डब्यांएवढे लांब. आबा उठून उभेच राहिले. ते साखरबीट होतं. फ्रान्सच्या या उत्तर भागात साखर उसाची नव्हे, या कंदाची होते. इंग्रजांशी वैर धरल्यावर समुद्रमार्गे येणारी उसाची साखर आटली, म्हणून १८११ साली नेपोलियननं बीट लावायचा हुकूम काढला आणि तेव्हापासून हा भाग बीटाचा झाला. सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत यांचाही गळीत हंगाम चालतो. जन्मभर कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला हे सगळं खिडकीतून बघायला मिळणं म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा जास्तच. "तोडणी टोळी कुठं दिसंना," एवढंच ते म्हणाले. तोडणी यंत्रानं होते हे सांगितल्यावर गप्प झाले.

मग एकदम समोर टेकडी आली. सपाट ताटात कुणी मूद पाडावी तशी, आजूबाजूच्या मैदानापासून शंभरेक मीटर उंच, आणि तिच्या माथ्यावर मनोरे. फ्रेंच लोक याला 'मुकुट घातलेला डोंगर' म्हणतात. खालच्या गावात स्टेशन, दुकानं, नव्या वसाहती. वर तटबंदीच्या आत जुनं गाव. सगळं मिळून वस्ती चोवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपरिषदेच्या गावाएवढी.

वर जायचं कसं, हा या गावाचा जुना प्रश्न. १८९९ साली इथं दातेरी रुळावरची विजेची ट्राम सुरू झाली, ती १९७१ पर्यंत चालली. मग १९८९ मध्ये दोरानं ओढली जाणारी, चालकाशिवायची छोटी रेल्वे आली, 'पोमा' नावाची. तिचा खर्च परवडेना म्हणून २०१६ मध्ये तीही बंद पडली. आता बस. आम्ही बसनंच गेलो, पण आबांचं लक्ष वळणांकडे. मध्येच म्हणाले, "हितनं भरली गाडी चढवायची तर एका जोडीचं काम न्हाय. पुढं आणखी एक जोडी जुपाय पायजे. आन् मागं लाकडाची उटी घेऊन माणूस." चाक मागं सरकू नये म्हणून लावायची ती उटी. शंभर मीटर चढ बसनं पाच मिनिटांत उरकला, म्हणून मला तो दिसलाच नव्हता. आबांना मात्र तो सगळा दिसला होता.

मुक्कामाची खोली जुन्या गावात, लाकडी जिन्याच्या वर. सामान टाकलं आणि उजेड आहे तोवर कॅथेड्रल गाठलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांच्या फटीतून अचानक तो दर्शनी भाग अंगावर येतो. खाली गुहेसारखे खोल तीन दरवाजे, वर मोठी गोल खिडकी आणि दोन्ही बाजूंना मनोरे. मनोरे भरीव नाहीत. खांब, कमानी आणि पोकळ्या. वाऱ्याला वाट देत उभे. वर जाताना चौकोनाचा अष्टकोन होतो आणि कोपऱ्यांवर उघड्या सज्जांचे छोटे बुरूज येतात. त्या सज्जांतून बैल बाहेर वाकून बघतात.

बैलच. सिंह नाही, गरुड नाही, पंखवाला राक्षस नाही. (ते फ्रान्समध्ये पैशाला पासरी.) मान पुढं काढलेली, शिंगं आखूड, आणि नजर खाली मैदानाकडे. आबांनी टोपी काढली. मग दाजींची दुर्बीण डोळ्याला लावून मोजायला लागले. एकूण सोळा आहेत असं मी वाचलं होतं. आबांचे चौकातून नऊ भरले. थोडं बाजूला सरकून अकरा. अंधार पडला तेव्हा हिशेब तिथंच थांबला.

"जात कुठली म्हणायची?" मी विचारलं.

"खिलार न्हवं. मान आखूड हाय, वशिंड न्हाय. पण कामाचे हायती." आणि थोडं थांबून, "करणाऱ्यानं बैल जवळनं बगितलेला हाय. त्या गळ्याच्या पोळीकडं बघ."

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी धुकं. खालचं मैदान नाहीसं झालेलं आणि टेकडी पांढऱ्या पाण्यात बेट असल्यासारखी. ताईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खोलीतच खाल्ली. चटणीचा वास लाकडी जिन्यावरून खाली पोचला असणार, पण यजमान बाई काही बोलल्या नाहीत.

कॅथेड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते ते. त्या हिशेबानं पाहिलं तर लाँचं हे चर्च आज कॅथेड्रल नाहीच. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९० साली इथली गादी मोडली, ती परत आली नाही. हा भाग आता स्वासोंच्या बिशपकडे आहे. पण गावात कुणी हे मनावर घेतलेलं नाही. सगळे 'काथेद्राल'च म्हणतात.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उजेड. मी अंधाऱ्या, धुरकट चर्चची तयारी करून गेलो होतो. इथं दगड दुधासारखा पांढरट आणि मधोमध, जिथं उभा आणि आडवा भाग एकमेकांना छेदतात, तिथं डोक्यावर खिडक्यांचा चौकोनी मनोरा. त्यातून उजेड खाली सांडतो. इमारतीची लांबी ११० मीटर, छत २४ मीटरवर. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शार्त्र आणि आमिएँ इथल्या कॅथेड्रलवाल्यांनी छत याहून खूप उंच नेलं, त्यामुळं ही उंची कुणाला फार वाटणार नाही. पण इथं भिंत चार मजल्यांत चढते : खाली मोठ्या कमानी, त्यावर माणूस चालू शकेल असा सज्जा, त्यावर अरुंद कमानींची पट्टी, आणि सगळ्यात वर खिडक्या. बारीक खांबांच्या जुड्या खालून वरपर्यंत गेलेल्या आणि त्यांना ठरावीक अंतरावर दगडी कडी. उसाच्या कांड्यांसारखी, हे अर्थात मला सुचलं नाही, आबांना सुचलं.

बांधकाम ११५५ च्या सुमारास बिशप गोतिए द मोर्तान्य यांच्या काळात सुरू झालं. पॅरिसचं नोत्र-दाम त्यानंतर, ११६३ चं. म्हणजे टोकदार कमानींची गॉथिक पद्धत जेव्हा नवीकोरी होती, गवंडीसुद्धा करून करून शिकत होते, त्या वेळची ही इमारत. मूळ बेतात सात मनोरे होते, उभे राहिले पाच. पूर्वेचं टोक फ्रान्समध्ये सहसा अर्धगोल असतं. इथं १२०५ च्या सुमारास ते पाडून लांबवलं आणि सरळ सपाट भिंतीवर संपवलं, इंग्लंडातल्या चर्चसारखं. त्या भिंतीत तीन उंच खिडक्या आणि वर गोल गुलाबखिडकी. सकाळी अकराच्या सुमारास धुकं फाटलं आणि तिथली निळी-तांबडी काच पेटली. आम्ही दोघं अर्धा तास बाकावर नुसते बसून होतो. उत्तरेच्या गुलाबखिडकीत संतच नाहीत, विद्या आहेत : मध्ये तत्त्वज्ञान आणि भोवती व्याकरण, अंकगणित, संगीत, खगोल अशा बायका. कारण लाँ एके काळी विद्येचं गाव होतं. आन्सेल्म नावाच्या इथल्या आचार्यांकडे युरोपभरातून विद्यार्थी येत. त्यांत पॅरिसहून आबेलार आला, तो पुढं फार गाजला. त्यानं गुरूबद्दल लिहून ठेवलंय की हे झाड लांबून पानांनी भरलेलं दिसतं, जवळ गेलं तर फळ नाही. चूल पेटवली की घर धुरानं भरतं, उजेड पडत नाही. हुशार विद्यार्थी किती छळतात हे शाळेत वीस वर्षं काढलेल्या माझ्या बायकोला सांगायला हवं.

आता बैलांची गोष्ट. ती या इमारतीची नाही, हिच्या आधीच्या कॅथेड्रलची आहे, आणि तिच्या मागं एक खून आहे.

१११२ साली इथं गोद्री नावाचा बिशप होता. आधी इंग्लंडच्या राजाच्या पदरी चाकरीला, शिकार आणि लढाईचा शौकीन. तो परगावी गेलेला असताना गावच्या व्यापारी-कारागिरांनी पैसे मोजून स्वतःचं पंचमंडळ, 'कम्यून', मिळवलं. परत आल्यावर बिशप चिडला, पैसे घेऊन गप्प बसला, पाळीन म्हणून शपथही घेतली. मग राजा सहावा लुई ईस्टरसाठी गावात आला तेव्हा याचं मन पालटलं. कम्यून राहावं म्हणून गावकऱ्यांनी राजाला ४०० पौंड देऊ केले. मोडावं म्हणून बिशपनं ७००. राजानं मोठी बोली घेतली आणि भल्या पहाटे गाव सोडलं. ते सातशेही बिशप गावकऱ्यांकडूनच वसूल करणार होता. २५ एप्रिलला 'कम्यून! कम्यून!' ओरडत जमाव त्याच्या वाड्यात घुसला. बिशप नोकराचे कपडे घालून तळघरातल्या पिंपात लपला. ज्यानं त्याला शोधून काढलं त्या माणसाला हाच बिशप पूर्वी 'लांडगा' म्हणून हिणवायचा. केसांना धरून बाहेर ओढला, मारला, अंगठीसाठी बोट तोडलं. घरांना लागलेली आग कॅथेड्रलपर्यंत पोचली.

हे सगळं जवळच्या नोजाँच्या मठाचे महंत गिबेर यांनी लिहून ठेवलंय. त्यांना बिशप आवडत नव्हता आणि कम्यून तर त्याहून नाही. 'नवं आणि अत्यंत वाईट नाव' असं ते या शब्दाबद्दल म्हणतात. म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटतो, दोन्हीकडची घाण ते सारख्याच निष्ठेनं दाखवतात. गावानं पुढं रेटा सोडला नाही. ११२८ मध्ये राजाकडून सनद मिळवलीच, फक्त तिच्यात 'कम्यून' शब्द टाळून 'शांतीची व्यवस्था' असं नाव दिलं. सरकारी कागदाची ही युक्ती आपल्याला नवी नाही.

जळकं कॅथेड्रल दुरुस्त करायला पैसा कुठून आणायचा? इथल्या धर्मगुरूंनी मेरीचे पवित्र अवशेष पेटीत घातले आणि गावोगाव निघाले. पहिली फेरी फ्रान्समध्ये. दुसरी, १११३ साली, थेट खाडी ओलांडून इंग्लंडात. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन गावात आर्थर राजा जिवंत आहे की मेला यावरून त्यांच्या माणसाची तिथल्या एकाशी जुंपली आणि हाणामारीची वेळ आली. पैसे मात्र जमले. १११४ मध्ये दुरुस्त वास्तूची पुन्हा प्रतिष्ठा झाली.

आबांना यात काहीच नवल वाटलं नाही. "मारुतीच्या जीर्णोद्धाराला आपुन न्हवतं का गेलो मुंबईला, गिरणीतल्या लोकांकडं? परळात तर आपल्या लोकांचीच भांडणं झाली, पावतीवर नाव वर कुणाचं म्हणून."

त्याच दुरुस्तीच्या वेळची ही गोष्ट, गिबेरच सांगतात. सामानाची गाडी टेकडी चढताना एक बैल थकून खाली बसला. गाडीवान हवालदिल झाला. तेवढ्यात कुठून तरी एक दुसराच बैल धावत आला, जुवाखाली उभा राहिला, गाडी वर नेली आणि जू सुटताच आला तसा निघून गेला. कुणाचा होता कळलं नाही. सुमारे शंभर वर्षांनी नवे मनोरे उभे राहिले तेव्हा बैल वर चढवले गेले, ते त्या एका बैलासाठी की वर्षानुवर्षं दगड ओढलेल्या सगळ्यांसाठी, हे प्रत्येकानं आपापलं ठरवायचं. आबांनी ठरवलं होतं. "एक आला ती गोष्ट. सोळा हायती म्हंजी हिशेब हाय."

मनोरे बघून भुललेला आणखी एक माणूस सांगतो. व्हिलार द ओन्कूर, तेराव्या शतकातला. त्याच्या चित्रवहीची पानं आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मी पुष्कळ देश हिंडलो पण लाँसारखा मनोरा कुठंच पाहिला नाही, असं लिहून त्यानं तो बैलांसकट काढलाय. पुढं जर्मनीत बाम्बर्ग आणि नाउमबुर्गला याच मनोऱ्यांची नक्कल झाली.

निघता निघता एका काचेमागं आबा थांबले. लाकडी फळीवर येशूचा चेहरा, नुसताच चेहरा, गर्द तपकिरी, मोठे शांत डोळे. 'पवित्र मुख' म्हणतात त्याला. स्लाव लिपीत मजकूर आहे, म्हणजे मूळचं पूर्वेकडचं. १२४९ मध्ये इथल्याच एका धर्माधिकाऱ्यानं, जो पुढं चौथा अर्बन नावानं पोप झाला, आपल्या मठात राहणाऱ्या बहिणीला ते रोमहून पाठवलं. आबांना यातलं काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "ह्यो सावळा हाय की रं." आणि हात जोडले. माळकऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

जेवणाचा मात्र घोळ झाला. इथला मारवाल नावाचा चीज घालून केलेला टार्ट प्रसिद्ध आहे, मांस नसतं म्हणून मी मोठ्या विश्वासानं मागवला. तो टेबलावर यायच्या आधी वास आला. आबांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "नासलंय काय बघ." मी दोन्ही ताटं संपवली. चव वासापेक्षा फार चांगली आहे. आबांनी ब्रेड आणि सूप घेतलं आणि खोलीवर येऊन उरलेली दशमी.

दुपारी टेम्पलर सरदारांचं, म्हणजे धर्मयुद्धांत लढणाऱ्या साधू-शिपायांच्या पंथाचं, बाराव्या शतकातलं अष्टकोनी चॅपल पाहिलं, गावच्या संग्रहालयाच्या आवारातच आहे. आपल्याकडच्या एखाद्या समाधीएवढं छोटं, बाहेर गवत. आत एक दगडी प्रेत. गियोम द आर्सिन्यी, या भागातला वैद्य. १३९२ मध्ये सहाव्या चार्ल्स राजाला जंगलात वेडाचा झटका आला, त्यानं आपलीच माणसं कापली, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या वैद्याला बोलावलं. त्यानं राजाला विश्रांती दिली, बरं केलं आणि दरबारात राहायचा आग्रह मोडून गावी परतला. पुढच्याच वर्षी वारला. त्याच्या थडग्यावर राजबिंडा पुतळा नाही : उघडा, सुकलेला, बरगड्या वर आलेला देह, हात लाजेखातर पुढं घेतलेले. शरीराचं काय होतं हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाचं थडगं. राजा पुन्हा वेडा झाला, पण तोवर वैद्य सुटला होता.

संध्याकाळी तटावरून फिरलो. तेराव्या शतकातल्या वेशी अजून उभ्या आहेत. आर्दों वेस, तिच्याजवळ धुणं धुवायचं जुनं दगडी टाकं. स्वासों वेस, तिच्याजवळ एक बुरूज चांगलाच कलंडलेला. टेकडीच्या पोटात चुनखडीच्या खाणींची भुयारं आहेत. दहाव्या शतकात सम्राट शार्लमेनच्या शेवटच्या वंशजांची ही राजधानी होती. त्यांचा शेवटही इथंच झाला आणि तोही एका बिशपच्याच हातून. ९९१ च्या मार्चमध्ये जेवणाच्या पंगतीत त्यांच्यातल्या शार्ल द लोरेननं बिशप आदालबेरोंपुढं पेला धरला, इमान राखणार असशील तरच पी म्हणाला. बिशप प्याला. रात्री शार्ल झोपल्यावर त्याला पकडून गादीवर बसलेल्या ह्यूग कापेच्या, त्याच्या वैऱ्याच्या, हवाली केलं. गोद्रीचं पिंप आणि आदालबेरोंचा पेला. या गावानं बिशपांवर प्रेम का केलं नाही ते समजतं.

गावची आणखी माणसं : मिसिसिपी नदी धुंडाळणारे मार्केत पाद्री १६३७ साली इथंच जन्मले, आणि ज्या मोजणीवरून मीटर ठरला ती करणाऱ्या दोघांपैकी एक, पिएर मेशँ, तोही इथलाच, १७४४ चा. त्याच्या बार्सिलोनाच्या मोजणीत बारीकशी विसंगती आली आणि ती लपवून तो मरेपर्यंत झुरत राहिला. आबा म्हणाले, आपल्या मोजणीवाल्याला सांग हे.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी ताई-दाजी गाडी घेऊन आले. त्यांना कॅथेड्रल दाखवायचं काम आबांनी केलं. मी मागं उभा राहून ऐकत होतो : पिंप, ७०० पौंड, वर्गणी, सगळं बरोबर, फक्त बिशपचं नाव 'गोदाजी' झालं होतं. मनोऱ्याभोवती चारी बाजूंनी फिरून त्यांचा बैलांचा हिशेब तेरावर गेला. उरलेले तीन सापडेनात. वर घेऊन जाणाऱ्या फेरीत जिना आहे, आणि आबांचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात.

मग दक्षिणेला निघालो, शमँ दे दामवर. 'बायकांचा रस्ता'. पंधराव्या लुईच्या दोन मुली या वाटेनं एका सरदारीणबाईंच्या वाड्यावर जायच्या, त्यांच्यासाठी रस्ता नीट केला म्हणून हे नाव. डोंगराच्या लांब धारेवरून जाणारा सरळ रस्ता, दोन्हीकडे शेतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये इथं जे झालं ते शेतांकडं पाहून कळत नाही. लाँ तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, सप्टेंबर १९१४ पासून ऑक्टोबर १९१८ पर्यंत, पुरी चार वर्षं. ही धार जिंकली की लाँ दिसतं, म्हणून १६ एप्रिल १९१७ ला सेनापती निवेलनं फ्रेंच फौज चढावर सोडली. थंडी, बर्फ, वर मशीनगन. महिनाभरात निवेलला काढलं, आणि अनेक पलटणींनी पुन्हा चढाईला नकार दिला.

'ड्रॅगनची गुहा' म्हणून जी जागा दाखवतात ती जुनी दगडाची खाण आहे. जर्मनांनी आत वीज, विहीर, दवाखाना, स्मशान सगळं केलं होतं. जून १९१७ नंतर काही काळ एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला जर्मन, मध्ये रचलेली भिंत, असं एकाच गुहेत राहिले. आत बारा अंशांची गार हवा. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर खाणकाऱ्यांच्या छिन्नीचे ओरखडे दिसत होते. कॅथेड्रलच्या दगडासारखाच हा मऊ चुनखडी दगड. दाजी म्हणाले, इथं बोलवत नाही. आम्ही फार बोललो नाही. बाहेर काळ्या लाकडाचे नऊ उंच पुतळे आहेत, चेहरे नसलेले. इथं मेलेल्या आफ्रिकन शिपायांसाठी. सेर्नी गावात फ्रेंच आणि जर्मन स्मशानं शेजारी शेजारी आहेत. फ्रेंचांचे क्रूस पांढरे, जर्मनांचे काळे. तिथून धुकं नसेल तर उत्तरेला लाँचे मनोरे दिसतात. आम्हाला दिसले. फ्रेंच शिपायांनाही दिसत असणार.

परतीच्या वाटेवर आबांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला बीटाचा ढीग, शेजारी ट्रॅक्टर आणि एक शेतकरी मोबाईलवर बोलत उभा. त्यांनी एक कंद उचलला, हातात तोलला, नखानं खरवडून जिभेला लावला. शेतकरी फोन ठेवून बघत राहिला.

"इचार त्येला," आबा ताईला म्हणाले, "एकरी टन किती पडतं?"

ताईनं विचारलं. मग एकर-हेक्टरचा गोंधळ, मोबाईलवर गुणाकार, दोघा शेतकऱ्यांच्या माना. कारखाना पैसे कधी देतो हाही प्रश्न झाला आणि त्यावर तो शेतकरी ज्या प्रकारे हसला ते ताईला भाषांतर करावं लागलं नाही.

"आन् वाढं? म्हंजी ह्येचा पाला. गुरांना घालतो का?"

शेतकऱ्यानं डोकं हलवलं. गुरं त्याच्या आजोबांकडे होती. पाला यंत्र तिथंच बारीक करतं आणि रानात सोडून देतं.

आबांनी कंद परत ढिगावर ठेवला, हात धोतराला पुसायची सवय म्हणून पॅंटला पुसले आणि मनोऱ्यांकडं पाहिलं.

"वैरण अशी रानात कुजवाय लागल्यावर," ते म्हणाले, "बैल वर जाऊन बसतील न्हायतर काय करतील."